सातारा-सांगलीत बालवाडी सुरू करताना: जागा, माणसं, पाणी आणि सुटण्याची वेळ

घरातल्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, गल्लीत लहान मुलं आहेत आणि घरातल्या कुणीतरी बालशिक्षणाचा कोर्स केलेला आहे. साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत कितीतरी बालवाड्या अशाच सुरू होतात आणि त्यात काही वावगं नाही. चूक होते ती क्रमात. आधी फलक लागतो, भिंती रंगतात, प्रवेश सुरू होतात. मुलं आल्यावर कळतं की बसायला जागा पुरत नाही, संडास एकच आहे आणि बाई एका मुलाला संडासला घेऊन गेल्या की वर्गात मोठं माणूस उरतच नाही. म्हणून आधी मोजा, मग मुलांची संख्या ठरवा आणि त्यानंतरच फलक लावा.

कोणता नियम कुठून येतो

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकतं असं म्हटलं आहे, पण खासगी बालवाडीची खोली केवढी असावी हे त्यात शोधून सापडणार नाही. ती मोजमापं दोन ठिकाणी मिळतात: केंद्र सरकारचं बालसंगोपन आणि बालशिक्षणाचं २०१३ चं राष्ट्रीय धोरण, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची खासगी प्ले स्कूलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं. काय शिकवायचं यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि अंगणवाड्यांसाठी २०२४ मध्ये आलेला ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम पाहा.

धोरण आणि तत्त्वं ही मार्गदर्शक आहेत. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), अग्निसुरक्षा आणि अन्नसुरक्षा हे मात्र कायदे आहेत. बालवाडी पाच मुलांची असली तरी पोक्सोतून सुटका नाही.

नोंदणीबद्दल गोंधळ फार असतो. शॉप ॲक्टची पावती म्हणजे बालवाडीची मान्यता नव्हे. मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली म्हणजेही मान्यता मिळत नाही. तो फक्त दोन व्यावसायिकांमधला करार असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपल्या पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितलं. ती नोंदणी कराच: संस्थेची माहिती, मुलांची संख्या, सुविधा आणि कर्मचारी एवढं तयार ठेवा. पण ही नोंद दर्जाचा दाखला नाही, त्यामुळे जाहिरातीत ‘शासनमान्य’ लिहू नका. सध्या कोणते कागद लागतात हे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागात जाऊन लेखी विचारा. महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत असाल तर बांधकाम आणि अग्निशमन विभागालाही विचारा.

खोली टेपने मोजा

२०१३ च्या धोरणाचं माप असं: ३० मुलांच्या गटाला किमान ३५ चौरस मीटरचा वर्ग आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा. म्हणजे एका मुलाला आत साधारण साडेबारा चौरस फूट आणि बाहेर पावणेअकरा. या हिशोबाने दहा बाय बाराच्या खोलीत नऊ मुलं बसतात. बारा बाय पंधराच्या खोलीत चौदा. कपाट, टेबल, जिन्याखालचा कोपरा आधी वजा करा. मोजायची ती मुलाच्या पायाखालची फरशी. तीस मुलांचं गणित दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत बसवण्याचा मोह होतो. मग मुलं दिवसभर मांडी घालून बसवावी लागतात, कारण उठली की एकमेकांवर पडतात. चावणं, ढकलणं, बोचकारणं यांच्या तक्रारी वाढल्या की मुलांच्या स्वभावाकडे बघण्याआधी खोलीचं माप काढा.

जागा तळमजल्यावरच घ्या. गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून वर्ग भरवू नका. आटपाडी, जत, कवठे महांकाळ भागात मार्चपासूनच पत्र्याखाली बसवत नाही. दाराला उंबरा असेल तर उतार करून घ्या: एक इंच चढाला बारा इंच लांबी. व्हीलचेअरवरचं मूल यावं म्हणून हा उतार लागतो आणि तो पहिल्या दिवसापासून हवा. खिडकीच्या आणि कठड्याच्या गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर मूल डोकं घालतं आणि ते अडकतं. आडव्या पट्ट्यांचा कठडा मुलांना शिडीसारखा चढायला होतो, तो बदलून घ्या. अंगणातला हौद किंवा जमिनीतली पाण्याची टाकी असेल तर झाकणाला कुलूप पाहिजे. झाकणावर दगड ठेवून भागत नाही. घसरगुंडीखाली फरशी किंवा काँक्रीट नको, फूटभर वाळू टाका आणि ती दर आठवड्याला चाळा. मांजर वाळूत घाण करतं, म्हणून रात्री ताडपत्री झाका.

कोयनेच्या पट्ट्यात, पाटण-कराड-सातारा भागात आणखी एक काम आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या भागाच्या आठवणीत आहे आणि छोटे धक्के इथे अधूनमधून बसतात. मुलांच्या उंचीपेक्षा वर जाणारं प्रत्येक कपाट लोखंडी अँगलने भिंतीला आवळा. त्यावर पेट्या, ट्रॉफ्या, टीव्ही ठेवू नका. जुना दगडी वाडा किंवा माळवदाचं घर भाड्याने घेत असाल तर इंजिनिअरला दाखवून लेखी अहवाल घ्या.

सांगलीत कृष्णेच्या पुराचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ ला कुठल्या गल्लीपर्यंत आलं होतं ते शेजारी बोट दाखवून सांगतील. भाडेकरार करण्याआधी विचारा. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी ४० ला टेकण्याची वाट न बघता बालवाडी किती फुटांवर बंद करायची हे जूनमध्येच ठरवून पालकांना लिहून द्या. तीन वर्षांच्या मुलांना घाईने बाहेर काढता येत नाही.

माणसं: हजेरीवरचं प्रमाण आणि खरं प्रमाण

धोरण म्हणतं, ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनपेक्षा लहान १० मुलांमागे एक. बालहक्क आयोगाच्या तत्त्वांमध्ये २० मुलांमागे एक शिक्षिका आणि शिवाय एक मदतनीस आहे. दुसरं माप धरा. पहिलं माप कागदावर जमतं, प्रत्यक्षात नऊ वाजून वीस मिनिटांनी मोडतं: एक मूल संडासला गेलं, दुसरं रडतंय, दारात तिसऱ्याची आजी उभी आहे. कोणत्याही क्षणी मुलं एकटी राहू नयेत असं धोरणातच लिहिलं आहे, आणि एका माणसावर ते पाळणं शक्य नाही.

प्रमाण तपासायची पद्धत सोपी आहे. एक दिवस दर अर्ध्या तासाला वर्गात किती मुलं आणि किती मोठी माणसं आहेत ते लिहा. फोनवर बोलणारी, स्वयंपाक करणारी, फी घेणारी व्यक्ती मोजू नका. सगळ्यात वाईट नोंद कुठली ते बघा. तीच तुमची खरी संख्या. बहुतेक ठिकाणी ती खाऊच्या वेळी किंवा सुटताना येते. मावशींच्या कामाच्या वेळा त्याप्रमाणे बदला, झाडलोट मुलं गेल्यावर ठेवा.

वयाचा एक बारीक मुद्दा इथे येतो. आयोगाच्या तत्त्वांनुसार प्ले स्कूलमध्ये तीनपेक्षा लहान मूल घ्यायचं नाही. राज्यात वय ३१ डिसेंबरला मोजलं जातं. त्यामुळे नोव्हेंबरात तीन पूर्ण करणारं मूल जूनमध्ये नर्सरीत येतं तेव्हा अडीच वर्षांचं असतं. त्याला चड्डी नीट काढता येत नाही, दुपारी झोप येते, आई गेली की हुंदके थांबत नाहीत. अशा मुलांची जन्मतारखेनुसार वेगळी यादी करा आणि त्यांचा वाढदिवस येईपर्यंत त्यांना दहाला एक हेच प्रमाण लावा. अशी सहा-सात मुलं असतील तर जून ते डिसेंबर एक जास्तीची मावशी लागेल. तो पगार फीच्या हिशोबात आधीच धरा.

शिक्षिकेच्या पात्रतेसाठी राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधली अंगणवाडी सेविकांची तरतूद चांगली मोजपट्टी आहे: बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्यापेक्षा कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाची पदविका. पण प्रमाणपत्र पाहून नेमणूक पक्की करू नका. दोन दिवस वर्गात बसवा आणि एवढंच पाहा: ती मुलाशी बोलताना खाली बसते का, रडणाऱ्या मुलाला आधी जवळ घेते की आधी दटावते, आणि मूल उत्तर देईपर्यंत थांबते का.

प्रत्येकाची पोलीस चारित्र्य पडताळणी झालीच पाहिजे. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पडताळणी संस्थेने करायची असते. यात रिक्षावाले काका, सफाईवाल्या ताई आणि आठवड्यातून एकदा नाच शिकवायला येणारे सरही आले. तीच नावं बहुधा राहून जातात.

संशय आला तर काय करायचं

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दडवलं तर शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर ती एक वर्षापर्यंत कैदेची आहे. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: ‘आधी आपण खात्री करू, मग बघू.’ खात्री करणं तुमचं काम नाही. मुलाला पुन्हापुन्हा विचारू नका, त्याने जे शब्द वापरले तेच वेळेसह लिहून ठेवा, संबंधित माणसाला त्या क्षणापासून मुलांपासून दूर करा आणि पोलिसांना कळवा. चाइल्डलाइनचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक दारावर मोठ्या अक्षरात हवेत. कॅमेरे लावा, पण संडासाच्या आतल्या बाजूला नाही. तिथे जाणाऱ्या बोळावर लावा.

मारणं तर नाहीच. कोंडणं, अंधाऱ्या खोलीची भीती घालणं, सगळ्यांसमोर ‘बघा याने चड्डीत केली’ म्हणणं, हेही चालणार नाही. हे कर्मचाऱ्यांच्या करारात याच शब्दांत लिहा. ‘योग्य वर्तन ठेवावे’ असं लिहिल्याने कुणालाच काही कळत नाही.

पाणी आणि संडास

नळाचं पाणी येतं म्हणून ते चांगलं, असं धरू नका. टाकीत साठलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं. गावात जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं, ओटी टेस्टचं किट असतं. बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पिण्याच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. रंग आलाच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा आणि पुन्हा तपासा. आरओ मशीन बसवलं असेल तर त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन राहत नाही. ते पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलं तर मशीनचा उपयोग शून्य. नळाचं झाकणबंद पिंप घ्या, रोज धुवा. वरची टाकी दर तीन महिन्यांनी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर घासून घ्या, तारीख टाकीवरच रंगाने लिहा.

मुलं-मुलींसाठी वेगळे, लहान भांड्याचे संडास हवेत. मोठ्यांचं भांडं असेल तर मूल पडायच्या भीतीने संडास धरून ठेवतं, घरी जाऊन पोट दुखतं म्हणतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. बाजूला धरायला दांडी बसवा. आतून कडी नको. हात धुवायचा नळ जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास असावा, साबण दोरीने बांधलेला. ॲसिड, फिनेल आणि उंदराचं औषध कुलपात ठेवा. पाण्याच्या जुन्या बाटलीत फिनेल भरून ठेवायची सवय फार धोक्याची आहे, ती आजच मोडा.

खाऊ, आणि आपल्याकडचे दाणे-द्राक्षं

अंगणवाडीत ३ ते ६ वयाच्या मुलाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं देणारा आहार ठरलेला आहे. तीन-साडेतीन तासांच्या बालवाडीत एवढं लागत नाही. घरचा डबा किंवा एक ताजा पदार्थ पुरे. तुम्ही स्वतः शिजवून देणार असाल तर अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करा. बिस्किटं आणि चिप्स डब्यातून बंद करण्याची विनंती पहिल्याच पालकसभेत करा, नंतर कुणी ऐकत नाही.

या दोन जिल्ह्यांत घशात अडकणारे पदार्थ घराघरांत असतात. आपल्याकडे शेंगा, तासगावची द्राक्षं, बेदाणे, फुटाणे मुलांच्या हाती सहज येतात. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि मऊ असतं. ते श्वासनलिकेवर बुचासारखं बसतं. शेंगदाण्याची तऱ्हा वेगळी. त्याचा तुकडा फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसतो, तिथे सुजतो, आणि मुलाला आठवडाभर खोकला राहतो. म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा, अख्खं द्राक्ष, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक चिक्की बालवाडीत नको. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा, आडवं चिरू नका. दाण्याचं कूट करून गुळाचा मऊ लाडू द्या. मटकी बोटाने दाबली की मोडेल इतकी शिजवा. खाताना सगळी मुलं खाली बसलेली हवीत, हसवणं आणि पळणं बंद.

अडकलंच तर: मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग मागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आणि हे आलटून पालटून. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात १०८ लावायचा. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. हे बाहुलीवर दर सहा महिन्यांनी सगळ्यांनी करून बघा. वाचून हात चालत नाहीत.

साडेतीन तासांत काय करायचं

२०२२ चा आराखडा ३ ते ६ वयाला पाठ्यपुस्तक लावू नका असं स्पष्ट सांगतो. तरी नर्सरीत सहा-सहा वह्या दिसतात, कारण पालक वही बघून फी देतात. पालकांना वहीऐवजी हाताचं काम दाखवा. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद कणीक मळून, कागद फाडून, कापसाच्या वाती वळून आणि बेंदराला चिखलाचे बैल करून येते. ती येण्याआधी ‘अ’ गिरवायला लावलं तर मूल पेन्सिल मुठीत धरतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही.

वेळ अशी बसते: मुक्त खेळ ४० मिनिटं, गोलात बसून गप्पा २०, हात धुणं आणि खाऊ ३०, बाहेरचा खेळ ४०, छोट्या गटात काम ३०, गाणी-गोष्ट २५, निरोप २५. यात सलग बसण्याचा तुकडा कुठेही अर्ध्या तासापेक्षा मोठा नाही, आणि तो तसाच राहू द्या. पावसाळ्यात बाहेरचा खेळ रद्द होतो तेव्हा त्याच्या जागी टीव्ही लावला जातो. त्याऐवजी खोलीतल्या सतरंज्या गुंडाळून जागा करा.

भाषा घरची ठेवा. जतमध्ये कितीतरी मुलं घरी कन्नड बोलतात. शिक्षिकेला पाणी, भूक, दुखतंय, संडास, आई एवढे शब्द तरी कन्नडमधून यायला हवेत, नाहीतर मूल पहिला महिना गप्प बसतं आणि त्याला ‘मंद’ ठरवलं जातं.

आग आणि वीज

गॅसची शेगडी वर्गाला लागून नको. अग्निशामक नळकांडं हाताला येईल असं लावा, काटा हिरव्यात आहे का हे दर महिन्याला बघा. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. विजेच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बाहेर पडायचं दार शाळा चालू असताना बाहेरून कुलूप लावून बंद करू नका. मुलं पळू नयेत म्हणून वर, मोठ्यांच्या हाताला येईल अशी कडी पुरते.

सुटण्याची वेळ

प्रवेश अर्जावर मूल न्यायला येणाऱ्या तीन माणसांची नावं, फोटो आणि फोन घ्या. चौथं माणूस आलं तर पालकांना त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवर तुम्ही फोन लावा. आलेल्या माणसाने त्याच्या फोनवरून लावून दिलेला कॉल धरू नका. ‘मी मामा आहे’ म्हणणारा खरोखर मामा असेल, तरी थांबवा. पालक पहिल्यांदा चिडतात, दुसऱ्यांदा धन्यवाद देतात. दहा-अकरा वर्षांच्या ताई-दादाच्या हाती मूल देऊ नका.

सगळ्या मुलांना दारात उभं करून नावं पुकारू नका. मुलं आत गाणं म्हणत बसलेली, एक बाई त्यांच्यापाशी, एक मावशी दारात. नाव आलं की एकच मूल बाहेर, नेणाऱ्याची सही, मग पुढचं. पंचवीस मिनिटं यासाठीच ठेवली आहेत. रिक्षा आणि व्हॅन फाटकाच्या बाहेर थांबतील, आवारात मागे घेणार नाहीत. व्हॅनमध्ये किती मुलं चढली ते मावशीने मोजून वहीत लिहायचं आणि शेवटचं मूल उतरवल्यावर चालकाने मागच्या सीटपर्यंत जाऊन बघून फोन करायचा.

सकाळच्या हजेरीचा आकडा आणि सह्यांचा आकडा जुळवा. जुळला तरी वर्ग, संडास, घसरगुंडीच्या मागची जागा आणि कपाटाचा कोपरा डोळ्यांनी पाहा, मग कुलूप लावा.